कोरडं कापड

लातूरच्या क्लासचं खूळ आमच्या भागात शिरलं आणि गावातल्या निम्म्या बाया लातूरकर झाल्या. पोरगं अकरावीला गेलं की त्याची माय स्टोव्ह, पोळपाट आणि पिठाचा डबा घेऊन त्याच्या मागं निघायची. तिकडं पोरगं फिजिक्स करायचं, ही भाड्याच्या खोलीत भाकरी करायची, आणि इकडं गावात नवरा मलप्पाच्या हॉटेलात थंडगार भजी खात पोराचे मार्क सांगत बसायचा. व्यंकटी या लोकांना हसायचा. "आमची राजकन्या मेसचं खाऊन डॉक्टर हुईल," असं मिशीवरून हात फिरवत म्हणायचा. संक्रांतीनंतर त्याच्या या लेकीला, राजकन्येला, कावीळ झाली, तेव्हा त्याचं हसणं बंद झालं.

खोलीवरच्या पोरींनी तिला एसटीत बसवून दिलं. डोळे हळदीसारखे, तोंड एवढंसं. डॉक्टरनं सांगितलं, तेल-तिखट बंद, मेसचं खाणं बंद, घरचं मऊ जेवण हवं. बारावीची परीक्षा तर पुढं येऊन ठेपलेली.

"माय, परीक्षेपुरती चल माझ्यासंग," राजकन्या म्हणाली. "मला उभंच राहवंना गेलंय."

पोरीनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. सिंधुनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिची नजर दारापुढच्या सपराकडं गेली. तिथं बाजेवर तिची सासू रुक्मिणबाई पडलेली होती.

भूकंपानंतर गाव नव्या जागेवर आलं. सरकारनं ओळीनं सारखी घरं बांधून दिली, वर सिमेंटचा स्लॅब. रुक्मिणबाई त्या स्लॅबखाली एकदाही निजली नाही. मग व्यंकटीनं दारापुढं पत्र्याचं सपार केलं आणि म्हातारी तिथंच राहिली. मागं तिला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डावी बाजू गेली. वर्षभरानं दुसरा झटका आला, तो वाचा घेऊन गेला. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं, पण तोंडातून नुसता घरघर आवाज.

तिचं सगळं सिंधुच करायची. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, पेज भरवणं, खालचं कापड बदलणं. कापड बदलायच्या आधी ती सपरातल्या दोरीवर एक जुनं हिरवं लुगडं आडवं सोडायची. लुगडं पडलं की व्यंकटी टोपी घालून अंगणाबाहेर जायचा. बायकांची रीत म्हणून तो ते पाळायचा, आणि त्यापलीकडं त्यानं कधी विचार केला नाही.

त्या लुगड्यामागचं कारण एकट्या सिंधुला ठाऊक होतं. दोन झटक्यांच्या मधल्या काळात, जीभ जड झालेली असताना, रुक्मिणबाईनं तिला सांगितलं होतं.

"सिंधे, भूकंपात म्या माळवदाखाली गाडले गेलते. यंकटी शेतातल्या आखाड्यावर निजलेला, म्हनून वाचला. त्यानं नखानं माती उकरून मला काडलं. मपल्या अंगावर सूत ऱ्हायलं नव्हतं. सारं गाव उभं. त्यानं सोताचा सदरा काडून टाकला माझ्यावर, पर त्याच्या अदुगर त्यानं बगितलं. तवापासून लेकाच्या डोळ्याला डोळा दिला न्हाई म्या." थोडा दम खाऊन ती म्हणाली, "मपलं काय बी त्याच्या हाताला लागू देऊ नको. त्याच्या अदुगर मरान यावं."

सिंधुनं तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. आता तोच शब्द आडवा आला होता.

ती सगळीकडं विचारून आली. मलप्पाची बायको शेजारचीच. ती म्हणाली, "दोन टाईम भाकरी टाकून दीन बाई, पर ते न्हाई हुयाचं मपल्यानं. सख्ख्या सासूचं न्हाई केलं म्या." ते खरंच होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. बाकीच्या बाया हरभरा काढायला जायच्या, त्यांना दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत सवड नव्हती. किनवटला दिलेल्या नणंदेला फोन केला, तर ती फोनवरच रडायला लागली. तिच्याही घरी एक सासरा अंथरुणात होता.

"म्या करतो की," व्यंकटी म्हणाला.

"तुमच्यानं न्हाई व्हायचं."

"कामून? आजारी बैल महिनाभर दोरावर उलथापालथा केला हाय म्या."

"आत्याबाईस्नी लाज वाटंल."

"लेकाची कसली लाज?" तो हसला. "लहानपनी तिनं मपलं केलं न्हाई का?"

नवऱ्याला ते कसं सांगायचं? सांगितलं तर तो पुन्हा मायच्या समोर उभा कसा राहील? तिला वाटलं, होईल सवय. माणसाला कशाचीही सवय होते, आणि परीक्षेपुरताच तर प्रश्न आहे. असं तिनं स्वतःला समजावलं आणि पोरीच्या बॅगेत कपडे भरायला घेतले.

औशाला एका ट्रस्टच्या दवाखान्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा कशी करायची, हे घरच्या माणसांना शिकवत होते. आठवड्याचं शिक्षण, दुपारचा चहा-खिचडी त्यांचीच. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं सांगितलं आणि सिंधु निघायच्या आधीच्या आठवड्यात व्यंकटी तिथं जायला लागला. मलप्पाला आयतं सापडलं.

"यंकटी, क्लास लावलास म्हनं. रिझल्ट किती टक्के लागतो तिथला?"

"तुज्यापरीस जास्त लागतो," व्यंकटी म्हणाला, पण कान लाल झाले होते.

तिथं सगळ्या बाया होत्या. सुना, लेकी, एक-दोन बहिणी. व्यंकटी भिंतीला लागून टोपी मांडीवर घेऊन बसला. शिकवणारी सिस्टर पंचशीला हदगावकडची, अंगानं बारकी, बोलणं तिखट. पहिल्याच दिवशी अडचण आली. कूस बदलायची कशी हे एकमेकींना निजवून शिकायचं होतं. परपुरुषाला कोण हात लावणार, आणि तो तरी कुणाला लावणार? बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. व्यंकटी उठून दारापर्यंत गेला होता.

"बसा खाली," सिस्टर म्हणाली. तिनं दवाखान्याचा रखवालदार शिवलिंग याला हाक मारली. दोन माणसांचं वजन एकट्यात असलेला शिवलिंग बूट काढून खाटेवर आडवा झाला आणि आठवडाभर व्यंकटीचा पेशंट झाला. कधीकधी तो खरोखरच घोरायला लागायचा.

"आधी पलीकडचा गुडघा वाकवायचा," सिस्टर सांगायची. "मग एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि आपल्याकडं वळवायचं. ओढायचं नाही. गुडघा न वाकवता वळवलं तर कंबर दुखते पेशंटची. बोलत नसला म्हणून काय झालं, दुखतं त्याला."

व्यंकटीचा हात चांगला बसला. बैलाला, वासराला हाताळलेला माणूस, जोर कुठं लावायचा आणि कुठं सोडायचा हे त्याला कळत होतं. कोमट पाणी कोपरानं बघायचं, अंगावर चादर ठेवून खालून पुसायचं, पाठीचं हाड लाल दिसलं की तिथं भार येऊ द्यायचा नाही. "कोरडं अंग आणि बदललेली कूस," सिस्टर रोज म्हणायची, "एवढं सांभाळलं की निम्मी लढाई जिंकली. ओलं राहिलं की कातडं कुजतं." एके दिवशी तिनं सगळ्या बायांसमोर सांगितलं, "बघा, हे पाटील कसे करतात. असं करा." तो काही पाटील नव्हता. पण शाळा सुटल्यापासून त्याला कुणी असं चांगलं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तो येताना मायसाठी मऊ टॉवेल घेऊन आला.

शेवटच्या दिवशी दुपारी खाण्यापिण्याचं शिकवणार होते. पण त्या आठवड्यात शेताची लाईट दुपारची होती आणि गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं राहिलं होतं. व्यंकटी जेवणाआधीच निघाला.

"तेवढं महत्त्वाचं राहिलंय," सिस्टर म्हणाली. "थांबा तरी, नाहीतर उद्या येऊन जा."

"पानी पाजायचं काय शिकायचं, सिस्टर? वासराला बी पाजतो आमी," असं म्हणून त्यानं हात जोडले आणि स्टँड गाठलं. दुसऱ्या दिवशी तो गेला नाही.

निघायच्या सकाळी त्यानं सिंधुला करून दाखवलं. मायच्या अंगावर चादर टाकली, गुडघा वाकवला, अलगद कुशीवर घेतलं, पाठीमागं उशी लावली. सिंधुपेक्षा सफाईनं केलं, हे तिलाही कबूल होतं. पण ती सासूच्या चांगल्या हाताकडं बघत होती. त्या हातानं लुगड्याचा काठ असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

व्यंकटी बॅग घेऊन पुढं गेला तशी सिंधु बाजेपाशी बसली.

"आत्याबाई, परीक्षेपुरतं. लेकराचं सालभराचं नुसकान होईल. तुमची नात हाय. डाक्टर झाली तर तुम्हालाच बगंल."

रुक्मिणबाई मान हलवू शकत होती. तिनं ती हलवली नाही. सुनेकडं बराच वेळ बघितलं आणि मग तोंड पलीकडं केलं. बाहेरून व्यंकटीनं एसटी आल्याची हाक दिली, आणि सिंधु पदरानं डोळे पुसत पळाली.

व्यंकटीनं त्या दिवसांत जीव तोडून केलं, याला सारं गाव साक्षी आहे. उजाडायला धार काढायची, चुलीवर पाणी ठेवायचं, कोपर बुडवून बघायचं. मायचं अंग पुसायचं, कूस बदलायची, मलप्पाच्या घरून भाकरी आणायची, दुधात कुस्करून चमच्यानं भरवायची. मग शेतात. कूस बदलायची वेळ झाली की विळा बांधावर टोचून घरी, परत शेतात. त्याच्या टाचा फुटल्या, हरभऱ्याच्या खारानं त्या भेगा चुरचुरायच्या. दोरीवरचं हिरवं लुगडं त्यानं घडी करून पेटीत ठेवलं. आता घरात दोघंच होती, आडोसा कुणापासून करायचा?

पहिले दोन-तीन दिवस कापड ओलं व्हायचं. तो बदलायला गेला की माय डोळे घट्ट मिटायची आणि पाणी कानशिलावरून कानात जायचं. म्हातारपणी डोळे गळतातच, असं म्हणून तो तेही पुसायचा. "माये, आता झालं बग, आता झालं," असं बोलत राहायचा, कारण सिस्टरनं पेशंटशी बोलत काम करा म्हणून सांगितलं होतं.

मग कापड ओलं व्हायचं कमी झालं. सकाळी बघावं तर कोरडं, दुपारी बघावं तर कोरडं. व्यंकटीला धन्य वाटलं. मायला आपल्या हाताची सवय झाली, अंग सुधारायला लागलं, असा त्यानं अर्थ काढला. दूधभाकरी आणि पाणी तो वाटीनं, चमच्या-चमच्यानं देत होता, घाई करत नव्हता. तिचं तोंड डावीकडं वाकडं झालेलं, त्या कोपऱ्यातून थोडं ओघळायचं. तिथं त्यानं तो नवा मऊ टॉवेल लावून ठेवला होता. टॉवेल ओलाचिंब व्हायचा. तो पिळून वाळत घालायचा आणि दुसरा लावायचा. खालचं कापड मात्र कोरडंच.

मलप्पाला त्यानं हॉटेलात जाऊन सांगितलं. "तू रिझल्ट इचारत होतास न्हवं? येऊन बग. माय दिसभर कोरडी ऱ्हाते."

"शंभर टक्के लागला म्हनायचा," मलप्पा म्हणाला आणि त्याला चहा पाजला. या खेपेला तो चेष्टा करत नव्हता.

लातूरला सिंधु एका खोलीत मुगाचं वरण शिजवत होती. खोलीच्या तिन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या होत्या, रस्त्यानं दिवसभर पोरांचे थवे जायचे-यायचे. राजकन्येच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. ती खाऊन पुस्तक घेऊन बसायची. किती वर्षांनी सिंधुची कंबर दुखायची थांबली होती, आणि तिला त्याचीच चोरी वाटायची. रोज दिवेलागणीला व्यंकटीचा फोन यायचा आणि सगळं ठीक आहे म्हणायचा. ते ऐकून ती निर्धास्त व्हायची, कारण निर्धास्त व्हायची तिला गरज होती.

परीक्षा सुरू झाली. दोन पेपर झाले. त्या संध्याकाळी व्यंकटी फारच खुशीत होता.

"मायची काय बी काळजी करू नको. कातडं येकदम कोरडं, फोड न्हाई, काय न्हाई. सिस्टरला दावायला पायजे."

"कापडं किती धुता दिसाची?" सिंधुनं सहज विचारलं.

"कापडं? धुवायचं कामच पडंना. कालपासून येकबी न्हाई भिजलं."

सिंधुच्या हातातली पळी वरणात पडली.

"पानी पितेत का?"

"हाव की. वाटीभर देतो दर टायमाला. टॉवेलावर सांडतं थोडं."

"किती सांडतं? आवं, किती सांडतं?"

फोनवर त्याचा आवाज उतरला. मग म्हणाला, "टॉवेल भिजतो सगळा."

सिंधुला पुढचं ऐकायची गरज राहिली नाही. सासूची ती वळलेली मान तिला आठवली. लेकाच्या हाताला लागायचं नाही, म्हणून म्हातारीनं दूध-पाणीच सोडलं होतं. वाचा गेलेली, अंग गेलेलं. स्वतःच्या हुकमात राहिलेलं एक तोंड होतं, ते तिनं मिटून घेतलं होतं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघाली. राजकन्येला म्हणाली, "आजीला बगून येते. तू पेपर दे. खिचडी झाकून ठेवली हाय."

सपरात आली तेव्हा व्यंकटी मायच्या उशाशी बसून चमचा हातात धरून होता. रुक्मिणबाईचे ओठ वाळून फाटले होते, जीभ काळपट दिसत होती, गालाची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहत होती. सिंधुनं पेटी उघडली, हिरवं लुगडं काढलं आणि दोरीवर सोडलं. लुगडं पडताना म्हातारीनं डोळे उघडले.

"तुमी भायेर जा," सिंधु म्हणाली.

"अगं, पर म्या करलालो की..."

"जावा म्हनते न्हवं!"

सिंधुनं सासूला छातीशी टेकवून अर्धी बसती केली आणि वाटी ओठाला लावली. रुक्मिणबाई प्याली. एक थेंब सांडला नाही. घोट गळ्यातून खाली जाताना दिसत होता, तरी तिची चांगली बोटं सुनेच्या मनगटाला धरून वाटी आणखी तिरकी करत होती. बाहेर अंगणात व्यंकटीला ते गिळणं ऐकू येत होतं.

डॉक्टर जीपनं आला. त्यानं पोट दाबून बघितलं, पापणी ओढून बघितली. "किडन्या गेल्या. इतके दिवस काय झोपला होतात काय?" एवढं व्यंकटीकडं बघून म्हणाला. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला, पण रस्त्यातच जाईल हेही त्यानं सांगितलं. त्यानं दंडाला सलाईन लावली, ती दुपारपर्यंत चालली. ऊन सपराच्या पत्र्यावरून उतरायला लागलं तेव्हा रुक्मिणबाई गेली. खालचं कापड थोडंसं ओलं झालं होतं, आणि ते सिंधुनं बदललं.

व्यंकटी चुलीपाशी येऊन उभा राहिला. "मपलं काय चुकलं? म्या तर सगळं सांगितल्यापरमानं केलं."

सिंधुनं मग त्याला सांगितलं. माळवद, माती, सदरा, सगळं. तो ऐकत ऐकत खाली बसला.

"म्या बगितलं न्हाई गं," तो म्हणाला. "मातीनं मपलेच डोळे भरलते. मला कायसुदिक दिसलं नव्हतं. जिती हाय एवढंच दिसलं." मग एकदम ओरडला, "तू का सांगितली न्हाईस? तिला येकदा म्हनलो असतो म्या!"

सिंधुनं दिलेला शब्द पाळला होता आणि मोडलाही होता. दोन्हीकडून ती म्हातारीची वैरीण ठरली होती. तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडली.

मलप्पानं चांगुलपणा करून लातूरला फोन लावला होता. राजकन्या दुसऱ्या दिवशीचा पेपर टाकून संध्याकाळच्या गाडीनं आली आणि आजीच्या पायावर पडली. वर्ष गेलं हे घरात कुणी बोललं नाही.

बाया न्हाऊ घालायला जमल्या. व्यंकटीनं पाणी तापवलं. घंगाळात ओतलं, बाही वर सारली, कोपर बुडवून बघितलं, थोडं थंड घातलं आणि परत बघितलं. मग घंगाळ उचलून सपरात जाऊ लागला, तर मलप्पाची बायको आडवी आली.

"तू भायेर थांब, यंकटी. बाईमान्साचं हाय. ठिव तितंच."

तिनं घंगाळ आत ओढून घेतलं. हिरवं लुगडं पुन्हा पडलं. व्यंकटी टोपी घालून अंगणाबाहेर जायला निघाला, सवयीनं. फाटकापाशी जाऊन परत आला आणि लुगड्याच्या अलीकडं, पाठ करून उभा राहिला. आत बायांची कुजबुज चालली होती, तांब्याचा आवाज येत होता. कुणीतरी म्हणालं, धरा, आता पलटी करा, ओढा इकडं.

"ओढू नका," तो बाहेरून म्हणाला. "अदुगर पलीकडचा गुडगा वाकवा, मग वळवा. तसं दुखत न्हाई तिला."

आतून सिंधुचा आवाज आला, "वाकवला."